तिरस्कार ते लाज, अकरा चित्रं

"फुकट मिळाली म्हणून काय झालं, कोपर तर माझंच आहे ना," असं पुटपुटत तपासणीच्या मावशींनी खुर्चीचा हात खाली दाबून पाहिला. तो दबेना. वर ओढून पाहिला, तर वरही येईना. मग कोणी ऐकलं तर नाही ना, हे त्यांनी मान वळवून बघून घेतलं आणि पाठ टेकून अशा काही ऐसपैस बसल्या, की बघणाऱ्याला वाटावं, या बाईचा जन्मच या खुर्चीची वाट बघण्यात गेला.

ऐकलं होतं ते शेजारच्या टेबलावरच्या मधलीने. पण मधलीसमोर खुर्च्यांबद्दल वाकडं बोलायचं नाही, हे त्या खोलीत न ठरवता ठरलं होतं. कारण बावीसच्या बावीस खुर्च्या आल्या होत्या त्या मधलीमुळे. आता मधली त्या देणाऱ्याशी लग्न करणार की नाही, एवढाच प्रश्न उरला होता, आणि तोही ती सोडून बाकी सगळ्यांच्या लेखी सुटलेला होता. येत्या रविवारी तो आपल्या आईला घेऊन मधलीच्या घरी चहाला येणार होता. तारीख ठरवायला. आज मंगळवार. म्हणजे 'नाही' म्हणायला आणि ते कुणाला तरी पटवायला मधलीच्या हातात पाच दिवस होते. पैकी म्हणायचं काम ती गेले चार महिने करतच होती. पटत नव्हतं कुणाला.

मधली हे तिचं नाव नव्हे. तीन बहिणींतली मधली म्हणून घरी मधली, आणि इथे तर कामच मधल्या चित्रांचं. समुद्रापलीकडचा एक मोठा स्टुडिओ अॅनिमे, म्हणजे जपानी चालत्या चित्रांच्या, मालिका काढायचा. तिथले नामवंत चित्रकार मुख्य चित्रं काढून पाठवायचे. मुलगी समोर बघतेय, हे एक. मुलीने मान फिरवली, हे दुसरं. आता ही मान इकडून तिकडे गेली कशी, ते या खोलीतल्या माणसांनी काढायचं. दोन चित्रांमधली पाच, सात, जितकी लागतील तितकी. मधली हे अकरा वर्षं करत होती. तिचं प्रत्येक चित्र पडद्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत येऊन जायचं. जगात कुणीही तिचं एकही चित्र धड पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तर तिच्या कामात खोट आहे असाच त्याचा अर्थ झाला असता.

सध्याच्या मालिकेत दोन शेपट्या घातलेली एक मुलगी होती. तिला खोलीत सगळे शेपटी म्हणत. शेपटी सायकली दुरुस्त करायची. तिच्यामागे एक गडगंज श्रीमंताचा मुलगा हात धुऊन लागला होता. त्याचे केस कायम एका डोळ्यावर, म्हणून तो एकडोळ्या. एकडोळ्याने एका भागात शेपटीला छत्री द्यायला म्हणून शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरवलं आणि त्या वाऱ्याने तिची होती ती छत्री उलटी झाली. दुसऱ्या एका भागात त्याने तिची अख्खी गल्ली विकत घेतली, का, तर तिला रोज गुड मॉर्निंग म्हणता यावं. शेपटी दर भागात त्याला झिडकारायची, झाडायची, त्याच्या बुटांवर वंगण सांडायची. आणि दर भागाच्या शेवटी तो पाठमोरा झाला, की तिच्या गालांवर तीन तिरक्या रेघा उमटायच्या. तीन रेघा म्हणजे लाज. लाज म्हणजे प्रेम. हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही म्हणे, त्याला आपोआप कळतं. मधलीला एवढंच कळत नव्हतं, की ज्या मुलीच्या हातात अठरा भाग सतत पाना आहे, तिला तो एकदाही एकडोळ्याच्या डोक्यात घालावासा कसा वाटत नाही.

खुर्च्यांचा कारखानदार पहिल्यांदा आला तो खोलीच्या साहेबांकडे, त्यांचा शाळेतला दोस्त म्हणून. चारशे कामगार, दोन गाड्या, आणि राहत्या घरात लिफ्ट. साहेबांनी त्याला खोली दाखवायला आणलं तेव्हा तो नेमका मधलीच्या खिडकीत उभा राहिला. तिने मान वर न करता सांगितलं, उजेडातून बाजूला व्हा, तुमच्या आरपार दिसत नाही. तो झाला बाजूला. पण त्याच्या मनात ते जे बसलं ते बसलंच. वीस वर्षांत मला कुणी बाजूला हो म्हणालं नव्हतं, असं तो साहेबांना म्हणाला. साहेबांनी ते सगळ्यांना सांगितलं, तेही अशा थाटात, की जणू माणसाने कविता केली. आठ दिवसांनी बावीस खुर्च्या आल्या. 'पाठीची काळजी घ्या' अशी चिठ्ठी फक्त एका खुर्चीला बांधलेली होती. ती कुठल्या खुर्चीला, ते सांगायला नको.

मधलीने त्याचं नाव 'खुर्ची' ठेवलं. खुर्ची आली, खुर्ची गेली, खुर्चीचा फोन होता, असं ती बोलायची.

खुर्चीने फुलं पाठवली. मधलीने ती फरशी पुसायच्या बादलीत नेऊन ठेवली आणि निरोप धाडला, की फुलांना मुंग्या लागतात, मुंग्या कागदावर चढतात, आणि कागदावर मेलेली मुंगी पडद्यावर तीळ होऊन दिसते. दुसऱ्या दिवशी मुंग्यांचं औषध मारणारी दोन माणसं दारात. तुम्ही गाडी फाटकात आडवी लावता, आमच्या सायकली निघत नाहीत, असं तिने खिडकीतून चारचौघांत सुनावलं. पंधरा दिवसांत शेजारच्या मोकळ्या जागेत सायकलींसाठी पत्र्याची शेड उभी राहिली. तुमच्या अत्तराने डोकं उठतं म्हणाली, तर पुढच्या खेपेला त्याच्या अंगाला साबणाचाही वास नव्हता. म्हणजे हिने शिव्या घालायच्या आणि त्याने त्या वाण्याच्या यादीसारख्या एकेक करून घरपोच करायच्या. माणसाला काहीतरी स्वतःचं असावं, असं मधलीला वाटे. एखादा हट्ट, एखादी खोड, जी दुसऱ्याने नाक मुरडलं तरी सुटत नाही. खुर्चीचा हात निदान दाबला तर दबत नाही. हा दाबायच्या आधीच दबायचा.

पण खरा घात झाला तो पुढे. तुम्ही लोक सध्या काय काढता, असं त्याने साहेबांना विचारलं, आणि चाळिशी ओलांडलेल्या, चारशे माणसांच्या पगारावर सही करणाऱ्या त्या गृहस्थाने मालिकेचे सगळे भाग घरी बसून पाहिले. दोनदा. मधलीने नाक मुरडलं की आता तो दुखावायचा नाही. उलट वहीत खूण केल्यासारखा चेहरा करायचा. ही मला झिडकारतेय, म्हणजे गाडं रुळावर आहे.

त्यात मधलीची कातडी तिची वैरीण. राग आला की ती मानेपासून कानाच्या पाळ्यांपर्यंत लालभडक व्हायची. शाळेत एकदा बाईंनी ताप चढला समजून तिला घरी पाठवलं होतं, ती फक्त भूमितीवर चिडली होती. आता निदान चेहऱ्यांवर पोट भरणाऱ्या माणसांना तरी राग कुठला आणि लाज कुठली, हे कळावं की नाही? पण वर्षानुवर्षं गालांवर तीन-तीन रेघा ओढून त्या खोलीला चेहरे वाचायचा विसर पडला होता. त्यांच्या कागदावर रागाच्या रेघाही तीन आणि लाजेच्याही तीनच. फरक असतो तो भुवईत, आणि भुवईकडे बघतो कोण. ती लाल झाली, की पलीकडच्या टेबलावरून रंगवाला हळूच तीन बोटं वर करायचा आणि खोलीभर खसखस पिकायची. हा राग आहे, असं ती ओरडून सांगायची. हो हो, रागच तर, असं सगळे मान डोलवून म्हणायचे. शेपटीसुद्धा हेच म्हणते.

घरी याहून बरी तऱ्हा नव्हती. आई टेलिफोन खात्यात तीस वर्षं फोन जोडून देऊन निवृत्त झालेली. आवाजावरून मी माणूस ओळखते, हा तिचा जुना दावा. ती मालिका न चुकता बघायची. प्रेमकथेसाठी नव्हे, शेवटी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत नावं सरकतात, त्यांत लेकीचं नाव असतं म्हणून. ते आलं की टीव्हीच्या काचेवर बोट ठेवायची, आणि बोट टेकेपर्यंत नाव वर निघून गेलेलं असायचं. या आईला मधलीने नऊ वेळा सांगितलं, की मला हे लग्न करायचं नाही. आईने नऊही वेळा डोळे मिटून ऐकलं आणि तुझ्या आवाजात काहीतरी आहे, एवढंच म्हणाली. तुझ्या बाबांचा फोन मी दोन वर्षं मुद्दाम चुकीच्या नंबराला जोडत होते आणि शेवटी लग्न त्यांच्याशीच केलं, हेही तिने पुन्हा एकदा सांगितलं. थोरलीचा फोन यायचा तो 'नंतर'बद्दल. नंतर काय करशील, नंतर कोण आहे तुला. नंतर म्हणजे आईच्या नंतर, पण तेवढा शब्द दोघी बहिणी गिळून टाकायच्या. आणि धाकटी? धाकटीने घरातली लिफ्ट किती माणसांची आहे तेवढं विचारून घेतलं होतं.

बुधवारी नव्या भागाचे कागद आले. एकोणिसावा भाग. मुख्य चित्रांबरोबर एक तक्ता येतो, कुठे किती मधली चित्रं हवीत ते सांगणारा. साहेबांनी त्यातला एक तुकडा स्वतः आणून मधलीच्या टेबलावर ठेवला, कारण तिरस्कार तिच्याइतका कुणालाच जमत नाही, हे सर्वमान्य होतं. पहिल्या मुख्य चित्रात शेपटी हनुवटी वर करून एकडोळ्याला तुच्छतेने बघतेय. शेवटच्या चित्रात मान खाली, गालांवर तीन रेघा, ओठांवर होकार. तक्त्यात लिहिलं होतं: तिरस्कार ते लाज, अकरा चित्रं.

मधलीने ते दोनदा वाचलं. अकरा. नळ उघडून बादली भरायला याच मालिकेत सोळा दिली होती.

या धंद्यात एक सवय असते, बाहेरच्याला वेडगळ वाटेल अशी. प्रत्येकाच्या टेबलावर छोटा आरसा. जो चेहरा काढायचा तो आधी आपण करून बघायचा. कधीही मान वर करावी तर कोणी आरशाला दात विचकून दाखवतंय, कोणी हमसून रडतंय, आणि शेजारचा निवांत पेन्सिलीला टोक काढतोय. मधलीने वर्षभर शेपटीचा तिरस्कार आरशात केला होता. हनुवटी वर, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, डावा ओठ जरासा मुडपलेला. दिवसातून चाळीस वेळा. तो तिला डोळे झाकून यायचा. बुधवारी तो आला, पण तिथून पुढे लाजेकडे काही जाईना. तिसऱ्या चित्रापर्यंत तिरस्कार. पाचव्यापर्यंत तिरस्कार. सातवं काढून पाहिलं तर ते पाचवंच होतं, फक्त शेपट्या जरा हललेल्या.

गुरुवारी दुपारी खुर्ची आली. उजेड सोडून, बेताच्या अंतरावर उभी राहिली. रविवारी मी रिकाम्या हाताने येणार आहे, असं त्याने सांगितलं, कारण आधी इतकं काही दिल्यावर आता माणसाने माणूस म्हणून यावं. हे वाक्य त्याचं नव्हतं, हे मधलीला तत्काळ कळलं. अठराव्या भागात एकडोळ्या अगदी हेच म्हणाला होता, तेव्हा त्याच्या ओठांची हालचाल तिनेच काढली होती. तिचं माथं भणाणलं. कानाच्या पाळ्या पेटल्या.

"जगातले सगळे पुरुष संपले आणि तुम्ही एकटे उरलात ना," ती म्हणाली, "तरी मी सायकलीशी लग्न करीन."

खुर्चीचा चेहरा उजळला. इतका, की कुणी त्याला बक्षीस दिलं असावं.

"तिसरा भाग," तो हळूच म्हणाला. "सायकलीसकट."

रंगवाल्याची तीन बोटं वर गेली. खोली खुदखुदली. मधलीने रागाने मान फिरवली, ती नेमकी आरशाकडे. आरशात हनुवटी वर होती. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. डावा ओठ जरासा मुडपलेला. ती जर शेपटी नव्हती, तर मग शेपटी कोणीच नव्हती.

त्या दिवशी तिने पुढे एकही रेघ काढली नाही. चार महिने आपण या माणसाला जे जे सुनावलं, त्यातलं आपलं किती आणि शेपटीचं किती, याचा ती हिशोब लावत बसली, आणि तो लागेना. आपण मोठ्या ऐटीत तिरस्कार करत होतो आणि तो दुसऱ्याच्या मापाचा शिवलेला होता. हा माणूस मालिकेत राहतो म्हणून आपण त्याला हसलो. पण त्याच्यासमोर दर वेळी आपणच मालिका लावून देत होतो की.

शुक्रवारी तिने अकरा चित्रं कशीबशी पुरी करून मावशींकडे दिली. मावशी गठ्ठा डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने सर्रकन चाळायच्या आणि चित्रं चालू लागायची. त्यांनी एकदा चाळलं. पुन्हा चाळलं. मग दोन कागद बाजूला काढून मधलीला जवळ बोलावलं.

"मधले, हे दहावं. इथे ती नाही म्हणतेय. हे अकरावं, इथे हो. मध्ये झालं काय?"

"काही झालं नाही, मावशी. कागद संपले."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी दहावं चित्र खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर ठेवलं आणि शेपटीच्या भुवईवरून नखाने हलकेच रेघ ओढली. तुमच्या वेळी काय झालं होतं, असं मधलीने विचारलं. मावशी म्हणाल्या, माझ्या गालांवर रेघाबिघा काही आल्या नव्हत्या बाई, लग्न झालं एवढंच. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, की मला भुवई दिसते गं. तपासणीला बसलेय मी, मला नाही दिसणार तर कुणाला. चार महिने दिसतेय. त्यापुढे त्या काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांनी नुसता हात मागे नेऊन कंबर चोळली, ती नव्या खुर्चीमुळे आता दुखत नव्हती तरीसुद्धा. अकरावं चित्र पुन्हा काढून आण, सोमवारी दिलंस तरी चालेल, असं सांगून त्यांनी दुसरा गठ्ठा ओढला.

मधलीला त्यांचा राग आला नाही. पाठ सगळ्यांना असते.

शनिवारी आईने टेबलावर घालायच्या कापडाला दोनदा इस्त्री केली आणि चार कपांचे कान तपासले.  मधलीने मनाशी एक ठरवलं होतं, आणि ते इतकं साधं होतं, की आधी का सुचलं नाही याचं तिला नवल वाटत होतं. उद्या झिडकारायचं नाही. एकही टोमणा नाही, हनुवटी जागेवर. दिव्यात तेलच घातलं नाही तर तो जळेल कशावर.

रविवारी चारला ते दोघे आले. तो खरोखरच रिकाम्या हाताने आला आणि हातांचं काय करावं, ते न कळून त्याने ते मागे बांधले. त्याची आई, म्हणजे काकू, ठेंगणी, भक्कम, पायात मऊ बूट. कारखाना एका पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हा खुर्च्यांची कव्हरं तिने स्वतः शिवलेली. उजव्या हाताची तर्जनी टोकाला सुईने कठीण झालेली होती, आणि बसल्या बसल्या तिने सोफ्याच्या कापडाची शिवण त्या बोटाने चाचपून पाहिली. सरळ आहे, असं मधलीच्या आईला म्हणाली. आईला ते आवडलं. लेकाने मालिका बघायला लावली होती, पण मला ती जमली नाही, असंही काकूंनी सांगून टाकलं. सगळ्यांचे डोळे बशीएवढे, आणि तेवढ्या डोळ्यांनी दिसत कुणालाच काही नाही.

मधलीने चहा दिला. त्याने कप घेताना बशीत सांडला. तिने फडकं आणून दिलं. त्याने तिच्याकडे अपेक्षेने पाहिलं. तिने विचारलं, साखर पुरेशी आहे का. तो हो म्हणाला.

मग तो तारखेबद्दल बोलू लागला. मधली ऐकत राहिली. लग्नानंतर कामावर जायची गरज नाही, घरातच वरच्या मजल्यावर चित्रांसाठी खोली करू, असं त्याने सांगितलं, आणि पुन्हा वाट पाहिली. या वाक्यावर पूर्वी मधलीने त्याला सोलून काढलं असतं. ती म्हणाली, तुम्ही एवढा विचार केलात. आईने चमकून लेकीकडे पाहिलं. तीस वर्षं फोन जोडलेल्या त्या कानांना या आवाजात काहीच सापडेना, आणि तेच तिला खटकलं असावं. एरवी ही फार बोलते हो, असं ती घाईघाईने काकूंना म्हणाली.

"मी आज गाडी फाटकातच लावलीय," तो अचानक म्हणाला. "आडवी."

मधलीच्या आईने मान लांब करून खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"असू दे," मधली म्हणाली. "रविवारी इथून कुणी फारसं जात-येत नाही."

आणि तेव्हा तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा, म्हणजे काही काढायचं असल्यासारखं नीट. कपाळावर घाम होता. तो घाबरला होता. इतके दिवस ती ज्याला फोलपट समजत आली, त्या माणसाचे डोळे ओळखीचं काहीतरी शोधत तिच्या गालांवरून, कानांवरून फिरत होते आणि रिकामे परत येत होते. ती लाल झालेली नव्हती. हे बघायला मजा येईल, असं तिला काल वाटलं होतं. आली नाही.

काकूंनी कप खाली ठेवला. त्या बराच वेळ या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

"हा मला घरी येऊन सगळं सांगतो," त्या मधलीला म्हणाल्या. "फुलांना तू नावं ठेवलीस. गाडीला ठेवलीस. अत्तराला ठेवलीस. मी म्हटलं चला, बोलते तरी तोंडावर. पण मी याला विचारलं, की अरे, तुझ्याबद्दल काय म्हणाली? तर याला सांगता येईना."

"आई, तसं नसतं ते," तो म्हणाला.

"मग कसं असतं? सांग ना."

त्याने चहा सांडलेली बशी बाजूला सरकवली. मग बोलला, तेव्हा ते कुठल्याच भागातलं नव्हतं, हे मधलीला ऐकताक्षणी कळलं. तो म्हणाला, की कारखान्यात मी काहीही म्हटलं तरी मान डोलते. मी मूर्खासारखं बोललो तरी चारशे माना डोलतात. घरी आई सोडली तर तेच. दोस्तसुद्धा माझ्याच खुर्चीत बसून माझ्याशी बोलतात.

"या एकट्याच माझ्याशी खरं बोलतात," तो म्हणाला. "म्हणून मला या हव्यात."

मधलीच्या आईने लेकीकडे पाहिलं. बाहेर कुणाची तरी सायकल गाडीपाशी येऊन अडली आणि घंटी दोनदा वाजली. तो उठला नाही. मधलीला वाटलं, आता काही न बोलता नुसतं गप्प राहिलं तरी निभेल. काकू शहाण्या आहेत, त्या घरी जाऊन त्याला समजावतील. सोमवारी खोलीत सगळे एकमेकांकडे बघतील, आठवड्याभरात विसरतील. आपल्याला ते शब्द तोंडातून काढावेही लागणार नाहीत. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की चार महिने आपण हेच केलं. मुंग्यांवर बोललो, पत्र्याच्या शेडवर, अत्तरावर. सायकलीशी लग्न लावलं. जे एकच सांगायचं होतं ते सांगायला लागू नये म्हणून बाकीचं सगळं मोठमोठ्याने बोलत राहिलो. कारण ते सांगितलं की समोरच्याला लागतं, आणि तेव्हा आपल्याला त्याच्याकडे बघत उभं राहावं लागतं.

तिने हातातलं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं.

"मी तुमच्याशी एकदाही खरं बोलले नाही," ती म्हणाली. "तुमची फुलं चांगली होती. गाडीचं काही एवढं नव्हतं. तुम्हीसुद्धा वाईट नाही."

तो किंचित पुढे झुकला. अजूनही त्याला वाटत होतं, की आता ती मान खाली घालेल.

तिने घातली नाही.

"तुम्ही मला आवडत नाही. आधीही आवडत नव्हता, पुढेही आवडणार नाही."